उलटं बुजगावणं

बुजगावणं आपल्याला नवं नाही. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधायच्या, फाटका सदरा अडकवायचा, डोक्याच्या जागी मडकं उपडं घालायचं आणि ज्वारीच्या रानात उभं करून द्यायचं. पाखरांना वाटावं, इथे माणूस आहे, आणि त्यांनी लांब राहावं. आज मी सांगणार आहे ते याच्या नेमक्या उलट्या बुजगावण्याबद्दल. हे शेतात मांडतात ते पाखरांना हाकलायला नव्हे, तर बोलवायला. त्याचं रूप माणसाचं नसतं, पाखराचंच असतं. आणि ते पाहून पाखराची खात्री पटावी लागते की इथे माणूस नाही.

इंग्रजीत याला डिकॉय म्हणतात. हा शब्द डच भाषेतून आला असं मानतात. ‘कोय’ म्हणजे पिंजरा. हॉलंडमध्ये तळ्याकाठी वाकडे चर खणून त्यांवर जाळी टाकत आणि माणसाळलेल्या बदकांच्या नादाने रानबदकांना त्या चरांत ओढून घेत. पण युक्ती त्याहून फार जुनी आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची एक गुहा आहे. तिथे १९२४ साली उत्खनन करताना एका खड्ड्यात नीट गुंडाळून ठेवलेली अकरा बदकं सापडली. लव्हाळ्यासारख्या पाणगवताची विणलेली, काहींवर खरी पिसं लावलेली, रंगवलेली. वय सुमारे दोन हजार वर्षं. जातीचं नाव सांगता यावं इतकी हुबेहूब. कुणीतरी ती पुढच्या हंगामासाठी जपून ठेवली होती आणि न्यायला परत आला नाही.

मी शिकारी नाही. आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. परंतु खोट्याला खऱ्यासारखं कसं मांडावं, हा प्रश्न कविता लिहिणाऱ्या माणसाच्या रोजच्या कामातला. त्यामुळे २०१७ च्या ऑक्टोबरात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात भाच्याकडे गेलो असताना तो म्हणाला, “मामू, शनिवारी पहाटे हंसांच्या शिकारीला जातोय, नुसतं बघायला चला,” तेव्हा मी नाही म्हणालो नाही.

इथे एक खुलासा करतो. ज्याला इंग्रजीत गूज म्हणतात तो आपल्या चित्रांतला लांब मानेचा शुभ्र राजहंस नव्हे. आपल्या पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत या कुळाला कलहंस, कादंब अशी नावं आहेत. मी सोयीसाठी हंसच म्हणतो. कॅनडाचा हंस करड्या-तपकिरी अंगाचा, काळ्या मानेचा, गालावर पांढरा पट्टा असलेला, तीन ते सहा किलो वजनाचा दणकट पक्षी आहे. रात्र तो पाण्यावर काढतो. उजाडताच कापणी झालेल्या शेतांत उतरतो, सांडलेलं धान्य टिपतो, दुपारी पाण्यावर परततो आणि संध्याकाळी पुन्हा शेतात येतो. सस्कॅचेवान म्हणजे गहू, बार्ली, वाटाणा, मसूर यांचा मुलूख. आपल्या घरात शिजणारी मसूर पुष्कळदा तिथूनच आलेली असते. तीच मसूर आणि तोच वाटाणा या हंसांनाही आवडतो.

पंगत आणि मोकळं पान

शिकारीचं अर्धं काम आदल्या संध्याकाळीच झालेलं असतं. गाडी घेऊन मैलोन्‌मैल हिंडायचं, हंस कोणत्या शेतात आणि शेताच्या नेमक्या कोणत्या भागात चरताहेत ते दुर्बिणीतून पाहून ठेवायचं, मग शेतमालकाकडे जाऊन परवानगी मागायची. शेतमालक बहुधा देतो, कारण हजारोंचा थवा उभ्या किंवा कापून पडलेल्या पिकात उतरला तर नुकसान त्याचंच. जिथे ते काल जेवले तिथेच ते आज येणार, या भरवशावर सगळी मांडणी उभी राहते. चुकीच्या शेतात कितीही सुंदर आरास केली तरी थवा वरून निघून जातो.

आम्ही पोहोचलो तेव्हा काळोख होता आणि वाटाण्याच्या खुंटांवर दहिवर गोठलेलं होतं. भाच्याच्या मित्राने, तो तिथला मुरलेला शेतकरी, पहिली गोष्ट काय केली असेल? चिमूटभर भुसा वर उडवला. आपल्याकडे उफणणीला उभा राहिलेला माणूस जसा वारा पाहतो, तसाच. कारण हंस उतरतो तो वाऱ्याला तोंड देऊन. समोरून वारा असला की त्याचा वेग मंदावतो आणि जड अंग अलगद जमिनीवर टेकतं. तेव्हा वारा कुठून कुठे वाहतो हे कळलं, की पाहुणे कोणत्या दाराने येणार हे कळलं. सगळी मांडणी त्या दाराच्या हिशेबाने करायची.

मांडणीचा नेहमीचा आकार घोड्याच्या नालेसारखा. नालेचं उघडं तोंड वारा जिकडे जातो त्या बाजूला, म्हणजे हंस येतील त्या बाजूला. दोन्ही हातांमध्ये वीसेक पावलांची मोकळी जागा सोडतात. शिकारी नालेच्या बंद टोकाशी, पाठीवर वारा घेऊन आडवे पडलेले. नवा थवा बसलेल्या पाखरांच्या डोक्यांवरून खाली-खाली जाऊन उतरायला नाखूष असतो. तो मोकळी जागा शोधतो. आपल्याकडे पंगत बसलेली असावी आणि मधे एक पान रिकामं दिसावं, की आलेला माणूस बरोबर तिथे जाऊन बसतो. तेच हे. शिकाऱ्याचं सारं कसब त्या रिकाम्या पानात आहे. मांडलेल्या पाखरांपेक्षा न मांडलेली जागा अधिक महत्त्वाची. वारा आडवा असेल तर नालेचा एक हात लांब आणि एक आखूड करतात. वारा मधेच फिरला तर उठून सगळं पुन्हा मांडावं लागतं.

आता पंगतीत कोण कुठे बसतो ते पाहू. नवशिका माणूस प्लॅस्टिकचे हंस मुलांच्या कवायतीसारखे मांडतो. समान अंतर, सगळ्यांची तोंडं एकीकडे. खरा थवा असा कधीच नसतो. हंसांचं जोडपं बहुधा जन्माचं असतं, आणि उन्हाळ्यात झालेली पिल्लं पहिला हिवाळा आई-बापांच्या संगतीतच काढतात. त्यामुळे थवा म्हणजे कुटुंबांचा मेळा. म्हणून चार-सहा हंसांचे पुंजके करायचे, पुंजक्यातल्या दोघांमध्ये दोन-तीन पावलं ठेवायची आणि दोन पुंजक्यांमध्ये त्याहून जास्त. मधे एखादं चुकार पाखरू एकटंच. तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण काही तिरपी, काही पाठ फिरवलेली. कारण चरणारा प्राणी दाण्यामागे वळतो. वारा जोराचा असेल तरच सगळे एका दिशेला तोंड करतात. नाहीतर पिसांत वारा शिरतो.

मग येतात मुद्रा. विकत मिळणाऱ्या हंसांत काही मान खाली घालून चरणारे असतात, काही अर्धवट मान उचललेले, काही ताठ मानेचे पहारेकरी, काही बसलेले, झोपलेले. यात पहारेकरी फार थोडे ठेवायचे, बहुतेक चरणारेच. पहारेकऱ्यांना जागा द्यायची ती कडेला. का, ते समजून घेण्यासारखं आहे. थव्यात राहण्याचा मोठा फायदा असा, की अनेक डोळे पहाऱ्याला असतात, त्यामुळे प्रत्येकाला मान वर करून बघण्यात कमी वेळ घालवावा लागतो आणि खायला जास्त वेळ मिळतो. वरून येणारा हंस हेच वाचतो. माना खाली आहेत? म्हणजे दाणा आहे आणि भीती नाही. माना वर आहेत? म्हणजे कुणाला तरी काहीतरी दिसलंय. पंगतीतली निम्मी माणसं हात थांबवून दाराकडे बघत असतील, तर आपणही पानावर बसणार नाही.

हवामानाप्रमाणे मांडणी बदलते. सप्टेंबरात हंगामाच्या आरंभी कुटुंबं सुटी-सुटी असतात, तेव्हा डझन-दोन डझन पाखरं सैल मांडली तरी पुरतात. थंडी वाढली, उत्तरेकडून मोठे थवे उतरले, की संख्या वाढवायची आणि अंतर कमी करायचं. कडाक्याच्या थंडीत हंस पाय पोटाखाली घेऊन बसतात. मग पायांवर उभे असलेले काढून नुसत्या पाठीच्या कवचासारखे हंस जमिनीवर ठेवायचे. आम्ही सहा डझन मांडले. त्याला तासाहून अधिक वेळ लागला. त्यातला निम्मा वेळ भाचा एकेका हंसाच्या पाठीवरचं दहिवर फडक्याने पुसत होता. कारण खरं पिस चमकत नाही आणि ओलं प्लॅस्टिक उन्हात आरशासारखं लकाकतं. याचसाठी चांगल्या डिकॉयच्या डोक्या-मानेवर मखमलीसारखी लव चिकटवलेली असते.

झाकणं, हलणं, गप्प राहणं

पाखरं कितीही हुबेहूब असली तरी माणूस दिसला की खेळ संपला. म्हणून शिकारी जमिनीलगतच्या, पलंगाएवढ्या चपट्या आडोशात उताणे पडतात. त्या आडोशाच्या कापडाला आधी चिखल फासून त्याचा नवेपणा घालवतात आणि मग त्याच शेतातले खुंट, त्याच शेताचा भुसा त्यावर खोचतात. शेजारच्या शेतातलं गवत चालत नाही, रंग वेगळा पडतो. हंस वरून जाताना तोंड वर करून बघायचं नाही. माणसाचा चेहरा वरून पांढऱ्या ताटलीसारखा उठून दिसतो. मला ही सूचना तीनदा मिळाली.

थवा दूर क्षितिजावर दिसला, की काठीला बांधलेलं काळं फडकं दोन-चारदा फडकवतात. उतरणाऱ्या हंसाने पंख झापल्याचा तो भास. मग तोंडाने वाजवायची शिट्टी. लांबून हाक मारल्यासारखा मोठा आवाज, जवळ आल्यावर तुटक, चरताना होणारी गुणगुण. हंस वळले आणि पंख ताठ करून पाय खाली सोडू लागले, की सगळं बंद. पटलेल्या माणसाला आणखी पटवू नये, हा नियम तिथेही आहे.

हे सारं चालतं ते का, याचं उत्तर पक्षिशास्त्राने विसाव्या शतकात शोधलं. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन या दोघांनी १९३७ साली कलहंसाच्या मादीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. घरट्याबाहेर गेलेलं अंडं ती चोचीने ओढून आत घेते. बाहेर अंड्यासारखी दुसरी वस्तू ठेवली तर तीही घेते. टिनबर्गन यांनी पुढे दाखवून दिलं, की काही पक्षी स्वतःच्या अंड्यापेक्षा अवाच्या सवा मोठ्या खोट्या अंड्याला पसंती देतात. म्हणजे पक्षी संपूर्ण चित्र तपासत नाही, काही ठळक खुणा तपासतो. १९७३ साली या दोघांना कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल मिळालं. शिकाऱ्यांना मात्र हे आधीच ठाऊक होतं. खऱ्यापेक्षा बरेच मोठे डिकॉय लांबून थवा खेचतात, हा त्यांचा अनुभव.

आणि टेक्ससच्या किनाऱ्याजवळच्या भातशेतांत तर हुबेहूबपणाही लागत नसे. तिथे पांढरे हिमहंस हिवाळ्यात येतात, आणि त्यांचे थवे प्रचंड असतात. शेकडो कोरीव हंस कुठून आणायचे? तिथल्या लोकांनी भाताच्या खुंटांवर पांढरी फडकी, लहान मुलांचे लंगोट आणि चक्क जुनी वर्तमानपत्रं पसरायला सुरुवात केली. लांबून, वरून, पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा समूह दिसला की हिमहंस उतरत. आपण हातात धरलेल्या या कागदाचा असाही उपयोग झालेला आहे. पण हिमहंस दीर्घायुषी असतो. आई-बापांविना भटकणारी करडी पिल्लं फडक्यांना फसतात, दहा हिवाळे पाहिलेला म्हातारा फसत नाही.

कुठवर?

युक्ती इतकी प्रभावी, की तिला आवर घालावा लागला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बाजारासाठी पाणपक्ष्यांची कत्तल झाली. पाळलेले जिवंत हंस पाय बांधून शेतात ठेवत. त्यांची खरी हाक ऐकून रानहंस हमखास उतरत. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांसाठी कायदा झाला. १९३४ पासून बदक-हंसांच्या शिकाऱ्याला सरकारी तिकीट विकत घेणं सक्तीचं झालं आणि तो पैसा पाणथळ जागा राखण्यासाठी खर्च होऊ लागला. १९३५ साली जिवंत डिकॉय आणि दाण्याचं आमिष या दोन्हींवर बंदी आली. छऱ्यांतलं शिसं खाऊन पक्षी विषबाधेने मरत, म्हणून १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरेही देशभर बंद झाले. फसवायला मुभा आहे, पण हद्द आहे.

त्या सकाळी पहिला थवा आला, दोनदा घिरट्या घालून त्या रिकाम्या पानावर उतरू लागला आणि बार झाले. भाचा बिस्मिल्लाह म्हणाला तो मला ऐकू आला. आमच्याकडे खाण्यासाठी शिकारीची मुभा आहे, निव्वळ गमतीखातर जीव घेणं मात्र नापसंत, आणि हजला इहराम बांधला की रानातल्या जनावराची शिकारच मना. तीन हंस पडले. बाकीचे गेले. एक मात्र परत आला आणि हाका मारत आमच्यावर फिरत राहिला. हाकेच्या टप्प्यात होता, सहज पडला असता. त्या शेतकऱ्याने बंदूक खाली ठेवली आणि हातानेच आम्हाला थांबवलं. “जोडीदार शोधतोय,” एवढंच म्हणाला. ज्या माणसाने आठवड्याचा आठवडा खर्चून ही फसवणूक मांडली होती, त्यालाच तिथे ती पुढे न्यावीशी वाटली नाही. हंस खाली बघत होता आणि खाली आमचे सहा डझन हंस माना घालून निवांत चरत होते. त्याच्या हाकेला त्यांच्यापैकी कुणीही उत्तर देणार नव्हतं. मला शिकारीतलं क्रौर्य मरणाऱ्या पक्ष्यापेक्षा तिथे जास्त जाणवलं.

आपल्याकडेही ही विद्या होती. पिंजऱ्यातला तितर ओरडवून रानातला तितर फाशात आणायची रीत पारध्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्याइतकं पाखरांच्या बोलीचं ज्ञान कुणाकडे नव्हतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनंतर आपल्या देशात हौसेच्या शिकारीला जागा उरली नाही, आणि ते योग्यच झालं. पण ज्ञानाचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. सलीम अली यांचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. मुंबईतल्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून, ही कोणती, हे विचारायला तो १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला.

डिकॉयच्या विद्येनेही असंच एक वळण घेतलं आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ईस्टर्न एग रॉक बेटावरचे पफिन पक्षी शिकारीमुळे १८८० च्या दशकात संपले होते. स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून न्यूफाउंडलंडहून पिल्लं आणून तिथे वाढवली. पिल्लं मोठी होऊन समुद्रात गेली, पण परत येऊन बेटावर उतरेनात. रिकाम्या बेटावर कोण उतरणार? तेव्हा १९७७ साली त्यांनी खडकांवर लाकडी पफिन मांडले. पक्षी आले, आणि १९८१ साली तिथे पुन्हा घरटी झाली. हीच पद्धत मग जगात अनेक ठिकाणी वापरली गेली. न्यूझीलंडच्या माना बेटावर काँक्रीटचे ऐंशी गॅनेट पक्षी मांडले होते. तिथे एकच खरा गॅनेट येऊन राहिला. लोकांनी त्याचं नाव नायजेल ठेवलं. त्याने एका काँक्रीटच्या मादीसाठी घरटं बांधलं, तिची पिसं साफ करत राहिला, आणि २०१८ च्या आरंभी तिच्याजवळच मेला. त्याच सुमारास तीन खरे गॅनेट बेटावर उतरू लागले होते. तेव्हा वाचवण्यासाठी केलेली फसवणूकही कुणाला तरी महागात पडतेच. फक्त तिथे शेवटी बेट भरतं, शेत रिकामं होत नाही.

आपल्या महाराष्ट्रात हिवाळ्यात जायकवाडी, उजनी यांसारख्या जलाशयांवर पट्टकादंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात आणि काठच्या हरभऱ्या-गव्हाच्या रानांत चरतात. त्यांना बघायला माणसंही येतात, आता कॅमेरे घेऊन जास्तच येतात. त्यांच्यासाठी सस्कॅचेवानच्या शेतातला धडा इथे सांगून ठेवतो. थवा दिसला की आधी माना मोजा. बहुतेक माना खाली असतील तर पाखरं निवांत आहेत, असाल तिथेच बसा आणि पोटभर बघा. एकेक मान वर येऊ लागली, चरणं थांबलं, तर आपण नको इतके जवळ गेलो आहोत. अशा वेळी आणखी एक पाऊल पुढे टाकून फोटो मिळेल, पण इतक्या लांबून आलेलं पाखरू जेवता-जेवता पानावरून उठेल. तेव्हा गुमान चार पावलं मागे या. माना पुन्हा खाली जाईपर्यंत थांबा.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)